लुटुपुटूची लढाई

काही माणसे आपल्या मोठ्या कामांमुळे जगाला ठाऊक होतात. परंतु त्यांच्या स्वभावाची खरी ओळख एखाद्या लहानशा कामातून पटते. इंग्रजी लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स हे अशांपैकी एक होते. काळातून प्रवास करणारे यंत्र, अदृश्य होणारा माणूस आणि मंगळावरून पृथ्वीवर चालून येणारे सैन्य या कल्पना त्यांच्या कादंबऱ्यांमुळे जगभर पसरल्या. याच लेखकाने १९१३ साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'लिटल वॉर्स', म्हणजे 'छोटी युद्धे'. खेळण्यातले शिपाई घेऊन घराच्या जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात सांगितले होते. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या प्रौढ लेखकाने शिशाच्या शिपायांवर पुस्तक लिहावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. आज जगातील असंख्य खेळाडू आपल्या छंदाची सुरुवात याच पुस्तकापासून मानतात. हे पुस्तक लिहिणारा माणूस कसा घडला आणि युद्धाचा तिटकारा असूनही तो युद्धाच्या खेळात का रमला, हे त्याच्या जीवनकथेतून समजून घेण्यासारखे आहे.

हर्बर्टचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील ब्रॉम्ली या गावी झाला. घरात त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ पूर्वी माळीकाम करीत. पुढे त्यांनी चिनीमातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान चालवले. परंतु त्या दुकानाला बरकत अशी कधी आलीच नाही. जोसेफ उत्तम गोलंदाज होते. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. क्रिकेटमधून मिळणाऱ्या पैशामुळे घराला थोडाफार हातभार लागे. आई सेरा लग्नापूर्वी एका श्रीमंत घराण्यात मालकिणीच्या सेवेत होती. मुलांनी दुकानदारीचा सुरक्षित धंदा शिकावा आणि पोटापुरते मिळवावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

हर्बर्ट सात-आठ वर्षांचा असताना अपघाताने त्याचा पाय मोडला. कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. मुलाचा वेळ जावा म्हणून वडील गावातल्या वाचनालयातून त्याला पुस्तके आणून देऊ लागले. दूरदेशीची माणसे, अरण्ये, प्राणी, इतिहासातील लढाया असे मोठे जग त्या अंथरुणावर त्याच्यासमोर उलगडत गेले. पाय बरा झाला, पण वाचनाची गोडी कायमची जडली. मोडलेला पाय हे आपले मोठे भाग्य ठरले, असे वेल्स पुढे मानत. काही वर्षांनी, १८७७ साली, वडिलांचाही पाय मोडला. त्यांचे क्रिकेट संपले आणि घराची मिळकत आणखी घटली. १८८० साली आईला ससेक्समधील अपपार्क या जुन्या वाड्याची कारभारीण म्हणून नोकरी धरावी लागली. घर विस्कटले आणि तेराव्या वर्षीच हर्बर्टची शाळा सुटली.

त्याला कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवण्यात आले. हिशेबात मन न लागल्यामुळे पहिल्या दुकानाने त्याला लवकरच निरोप दिला. त्यानंतर एका खेड्यातील शाळेत साहाय्यक आणि मग औषधविक्रेत्याकडे उमेदवार, अशी त्याची भटकंती झाली. अखेर साउथसी येथील कापडाच्या पेढीत त्याने सुमारे दोन वर्षे काढली. दिवसाचे तेरा-तेरा तास काम करायचे, ठाण उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे, आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका मोठ्या खोलीत निजायचे, असा तो दिनक्रम होता. आपले सारे आयुष्य या ठाणांमध्ये गुंडाळले जाणार, या विचाराने त्याचा जीव गुदमरू लागला. एका रविवारी तो सतरा मैल पायी चालून आईकडे गेला आणि या कामातून आपली सुटका करावी, अशी त्याने विनवणी केली. आईच्या दृष्टीने हातातली भाकरी टाकून देण्यासारखेच ते होते. पण मुलाचा हट्ट टिकला. १८८३ साली मिडहर्स्ट येथील शाळेत, विद्यार्थी आणि शिक्षक अशा दुहेरी नात्याने, त्याला जागा मिळाली.

दिवसा लहान मुलांना शिकवावे आणि रात्री स्वतः अभ्यास करावा, असा क्रम त्याने ठेवला. विज्ञानाच्या परीक्षांत त्याने असे यश मिळवले की, १८८४ साली लंडनमधील विज्ञान-शिक्षक घडवणाऱ्या संस्थेची शिष्यवृत्ती त्याला लाभली. आठवड्याला एक गिनी एवढ्या पैशांत लंडनमध्ये राहायचे म्हणजे अर्धपोटी राहणेच होते. तरीही पहिले वर्ष त्याला सोन्यासारखे वाटले. कारण जीवशास्त्र शिकवायला टॉमस हेन्री हक्सली होते. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा निर्भयपणे पुरस्कार करणारे ते थोर शास्त्रज्ञ. पुरावा पाहिल्यावाचून काही मानायचे नाही, ही दृष्टी हर्बर्टला त्यांच्याकडून मिळाली. पुढील दोन वर्षांत मात्र त्याचे लक्ष वादविवाद मंडळाकडे आणि विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाकडे वळले. परीक्षेत अपयश आले आणि १८८७ साली पदवी न घेताच त्याने संस्था सोडली.

अपयशामागोमाग आजारपण आले. वेल्समधील एका शाळेत तो शिक्षक झाला. तेथे फुटबॉल खेळताना त्याच्या मूत्रपिंडाला जबर मार बसला आणि प्रकृती कायमची नाजूक झाली. अशा स्थितीत दुसरा कोणी खचून गेला असता. हर्बर्टने शाळेतील नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तके हाती घेतली. महाविद्यालयात न जाताही परीक्षा देता येईल, अशी सोय लंडन विद्यापीठाने केली होती. या बहिःस्थ परीक्षेला बसून १८९० साली त्याने विज्ञानाची पदवी मिळवली. प्राणिशास्त्रात त्याला प्रथम श्रेणीचा मान मिळाला. त्यानंतर पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत वेल्स अध्यापक झाले. नोकरीधंदा करून घरी शिकणाऱ्या प्रौढांचे पाठ ते तपासत. अशाच विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८९३ साली प्रसिद्ध झाले. जो मार्ग त्यांना स्वतःला चाचपडत शोधावा लागला होता, तो इतरांसाठी थोडा सुकर करण्याचे काम या पुस्तकाने केले.

त्याच वर्षी रक्ताची गुळणी आल्याने वर्गात उभे राहून शिकवणे त्यांना अशक्य झाले आणि लेखणीवर पोट भरण्याचा निर्णय त्यांनी घेतला. 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली, 'द इन्व्हिजिबल मॅन' १८९७ साली आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' १८९८ साली प्रसिद्ध झाली. विज्ञानातील एखादे तत्त्व घ्यावे, त्यावर एकच अद्भुत कल्पना उभारावी आणि मग सामान्य माणसांचे काय होते ते अगदी घरगुती तपशिलांनिशी सांगावे, ही त्यांची रीत वाचकांना नवी होती. पाहता पाहता कापडाच्या दुकानातला उमेदवार नामांकित लेखक झाला. १८९५ साली त्यांनी एमी कॅथरीन रॉबिन्स यांच्याशी विवाह केला. तो त्यांचा दुसरा विवाह होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सँडगेट येथे त्यांनी समुद्राकाठी घर बांधले. १९०१ साली जॉर्ज फिलिप आणि १९०३ साली फ्रँक हे दोन मुलगे त्यांना झाले.

वेल्स मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळत. लाकडी ठोकळे, फळ्या, कागदी घरे आणि चिमुकली माणसे घेऊन ते अद्भुत बेटे आणि नगरे रचत. १९११ साली या खेळांवर त्यांनी 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक लिहिले. मुलांना महागडी, तयार खेळणी देण्यापेक्षा रचता येईल असे साधे साहित्य भरपूर द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. या पुस्तकाचा एक अनपेक्षित परिणाम पुढे दिसला. लंडनमधील बालमनोविकारतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली उपचारकेंद्र काढले, तेव्हा त्यांना या पुस्तकाची आठवण झाली. बोलून न दाखवता येणारे दुःख मुले वाळूच्या पेटीत छोटे जग मांडून व्यक्त करतात, हे त्यांनी ओळखले आणि त्यातून उपचाराची एक पद्धत विकसित झाली.

'फ्लोअर गेम्स' हे रचनेच्या खेळांचे पुस्तक होते. 'लिटल वॉर्स' हे लढाईच्या खेळाचे. युद्धाला खेळाचे रूप देण्याची कल्पना अर्थातच वेल्स यांची नव्हे. ती फार प्राचीन आहे. आपल्या देशातील चतुरंग या खेळात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर उतरली होती. हा खेळ इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला व त्यातून आजचे बुद्धिबळ तयार झाले. प्रशियात राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ घडवला. मुलाने १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि सेनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात या खेळाला स्थान मिळाले. तो शिक्षणासाठी होता, करमणुकीसाठी नव्हे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या कादंबरीकारानेही १८८१-८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आजारपणात राहत असताना सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांची मोहीम खेळली होती. मात्र कोणालाही घरच्या घरी खेळता येतील असे सोपे, नेमके नियम रचून ते लोकांच्या हाती देण्याचे काम वेल्स यांनी केले.

या खेळाला निमित्त झाली एक खेळण्यातली तोफ. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधील कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई तयार करण्यास आरंभ केला होता. त्यामुळे ते वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त झाले व घरोघरी पोहोचले. त्याच कारखान्याची कमानीवर चालणारी एक तोफ होती. तिच्यातून सुमारे इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटे आणि नऊ यार्डांवरचा शिपाईही अचूक पाडता येई. सँडगेटच्या घरी एके दिवशी जेवणानंतर वेल्स यांच्या एका मित्राने सहज एक शिपाई उभा केला, तोफेचा नेम धरला आणि तो पाडला. त्या मित्राचा उल्लेख वेल्स यांनी केवळ आद्याक्षरांनी केला आहे. विनोदी लेखक जेरोम के. जेरोम ते हेच, असे मानले जाते. मग शिपाई मांडून नेमबाजीची चढाओढ सुरू झाली. जाडजूड ज्ञानकोशाचे खंड जमिनीवर मांडून प्रदेश तयार झाला. ज्या ग्रंथांनी वेल्स यांना घडवले, ते आता शिपायांना आडोसा देत होते.

नुसती नेमबाजी लवकरच कंटाळवाणी झाली, तेव्हा नियमांचा विचार सुरू झाला. प्रत्येक नियम खेळून पाहायचा, त्यात खोट आढळली तर तो बदलायचा आणि पुन्हा खेळायचे. हक्सलींच्या प्रयोगशाळेतील शिस्तच येथे दिवाणखान्यात आली होती. अखेरीस ठरलेले नियम असे होते. पायदळाच्या शिपायाने एका डावात एक फूट आणि घोडेस्वाराने दोन फूट चालावे. तोफेजवळ सहा इंचांच्या आत किमान चार माणसे असतील, तरच तिने गोळी डागावी किंवा जागा बदलावी. एकाच डावात दोन्ही करू नये. तोफेला डावात चारच गोळ्या डागता येतील. प्रत्येक डावाला घड्याळ लावावे : तीस माणसांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. वेळ संपली की हात थांबला पाहिजे. दोन्ही सैन्ये हातघाईवर आली, तर संख्येच्या हिशेबाने निकाल लावावा. त्यात फाशांचे काम नाही. जो गट आपल्या माणसांपासून तुटून एकाकी पडला असेल, त्याला कैद होण्याचा धोका अधिक.

या नियमांच्या मुळाशी न्यायबुद्धी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रणभूमीवर टेकड्या, घरे आणि झाडे कोठे असावीत हे एका खेळाडूने ठरवायचे. पण कोणत्या बाजूने लढायचे हे निवडण्याचा अधिकार दुसऱ्याचा. एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने पहिला वाटा उचलावा, हाच तो न्याय. मांडणारा आपोआपच प्रामाणिक राहतो. त्यानंतर रणभूमीच्या मधोमध पडदा ओढला जाई. प्रतिस्पर्ध्याला दिसणार नाही अशा रीतीने दोघेही आपापले सैन्य मांडत आणि पडदा दूर झाला की लढाई सुरू होई. जमिनीवर गुडघे टेकून, डोळा मिटून तोफेचा नेम धरणारा तो मध्यमवयीन लेखक पाहून पाहुण्यांना हसू येई. पण थोड्याच वेळात तेही दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसलेले असत.

१९१३ साली 'लिटल वॉर्स' प्रसिद्ध झाले. त्यात छायाचित्रे होती, समासात गमतीदार चित्रे होती आणि एका संपूर्ण लढाईचे वर्णनही होते. खेळण्याची वयोमर्यादा वेल्स यांनी विनोदाने बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंत सांगितली. मुलींचा उल्लेख त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे काहीसा हातचा राखून केला. आज तो वाचकाला खटकतो. काही सेनाधिकाऱ्यांनाही या खेळात रस वाटला. प्रशिक्षणासाठी नियमांत कोणते फेरफार करता येतील, याची चर्चा वेल्स यांनी पुस्तकाच्या परिशिष्टात केली आहे.

परंतु पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खेळ बाजूला ठेवून गंभीर प्रश्न उपस्थित केला. या लढाईत कोणाचे रक्त सांडत नाही. कोणाचे घर जळत नाही. पडलेला शिपाई पुढच्या खेळात पुन्हा उभा राहतो. मग ज्यांना युद्धाची हौस आहे, अशा राजांनी आणि सेनापतींनी आपली हौस अशाच खोलीत का भागवू नये? आपल्या घरी खेळायला आलेले सेनाधिकारी या साध्या नियमांतही गोंधळून जात, हे त्यांनी पाहिले होते. मूठभर शिपायांच्या लढाईत एवढ्या चुका होत असतील, तर लाखो जिवंत माणसांच्या युद्धात किती होतील? खरे युद्ध माणसाच्या बुद्धीला पेलण्यापलीकडचे आहे, हे समजण्यासाठी छोटे युद्ध खेळून पाहावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

पुढच्याच वर्षी, जुलै १९१४ च्या अखेरीस, पहिले महायुद्ध सुरू झाले. चार वर्षांत सुमारे एक कोटी सैनिक मृत्युमुखी पडले. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणीही लढल्या. पडलेले शिपाई या वेळी पुन्हा उभे राहणार नव्हते. वेल्स यांच्या जीवनातील मोठी विसंगती येथे दिसते. युद्धखोरांची थट्टा करणाऱ्या या लेखकाने जर्मनीविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला. हे युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील, असा त्यांचा विश्वास होता आणि त्याच आशयाचे पुस्तक त्यांनी १९१४ साली लिहिले. १९१८ साली शासनाच्या प्रचारविभागातही त्यांनी काम केले. पण रणभूमीवरून येणाऱ्या बातम्यांनी त्यांचे मन हळूहळू होरपळत गेले. १९१६ सालच्या 'मिस्टर ब्रिट्लिंग सीज इट थ्रू' या कादंबरीत युद्धावर उत्साहाने लिहिणाऱ्या एका लेखकाचा तरुण मुलगा आघाडीवर मारला जातो. त्या पित्याच्या दुःखात वेल्स यांच्या पिढीतील असंख्य आईबापांनी आपले दुःख ओळखले.

युद्धाने युद्धाचा शेवट केला नाही, हे उघड झाल्यावर वेल्स यांनी उरलेले आयुष्य एका विचाराला वाहिले : राष्ट्राराष्ट्रांतील वैर संपवायचे असेल, तर सर्वांनी मिळून पाळायचे नियम हवेत. राष्ट्रसंघाच्या कल्पनेचा त्यांनी पुरस्कार केला. प्रत्येक देश आपापला इतिहास शिकवतो, म्हणून माणसे एकमेकांना परकी मानतात, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी साऱ्या मानवजातीचा इतिहास लिहिला. 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा तो ग्रंथ १९२० साली पूर्ण झाला. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगातून आपल्या मुलीला जगाच्या इतिहासाची पत्रे लिहिली, तेव्हा हा ग्रंथ त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत होता. १९४० साली दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत वेल्स यांनी मानवी हक्कांची सनद तयार करण्याच्या कामात पुढाकार घेतला. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पूर्वतयारीत या प्रयत्नांची गणना होते.

वेल्स यांची सर्वच मते स्वीकारण्याजोगी नव्हती. त्यांच्या काही सामाजिक कल्पनांवर आणि खासगी जीवनावर टीका झाली, ती निराधार नव्हती. मात्र भविष्याचा वेध घेण्याची त्यांची शक्ती विलक्षण होती. रणगाड्यासारख्या वाहनाची कल्पना त्यांनी १९०३ साली एका कथेत मांडली होती आणि अणुबाँबची १९१४ सालच्या एका कादंबरीत. ती कादंबरी वाचलेल्या लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाला १९३३ साली अणुशक्ती मुक्त करणाऱ्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. आपली कल्पना खरी ठरलेली पाहण्याचे दुर्दैव वेल्स यांच्या वाट्याला आले. त्यानंतर एक वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यात आल्या.

त्यांचा खेळ मात्र मागे राहिला. १९५६ सालच्या एका वृत्तचित्रात प्रसिद्ध अभिनेते पीटर कुशिंग वेल्स यांच्या नियमांनी लढाई खेळताना दिसतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॅक स्क्रबी यांनी या छंदाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि विखुरलेले खेळाडू एकमेकांना पत्रे लिहू लागले. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ साली आले. तोफेतून गोळी उडवण्याऐवजी फासे टाकून निकाल लावण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. युद्धखेळांतूनच तो उगवला होता. पण त्यात खेळाडू सैन्य न हलवता एकेका पात्राची भूमिका घेतो. याच गायगॅक्स यांनी २००४ सालच्या 'लिटल वॉर्स'च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. इंग्लंडमध्ये १९८३ साली निघालेल्या 'वॉरहॅमर'ने या छंदाला काल्पनिक जगांतील सैन्ये दिली.

आज या छंदाचे स्वतंत्र जग आहे. शिशाची जागा प्लास्टिक आणि राळेने घेतली आहे. घरच्या यंत्रावर त्रिमितीय छपाई करूनही शिपाई तयार होतात. कोणते नवे खेळ येणार, कोणत्या सैन्याचे नवे शिपाई निघणार, याच्या घोषणा महिनोन्‌महिने आधी होतात आणि खेळाडू त्यांची वाट पाहतात. बोटभर उंचीच्या शिपायाच्या अंगरख्याची किनार रंगवण्यात एखादा संध्याकाळ घालवतो, तर दुसरा जुन्या लढाईतील पलटणींचे गणवेश ग्रंथालयात शोधत बसतो. गावोगावी मंडळे भरतात, वार्षिक मेळावे होतात. नवख्याला जुने खेळाडू नियम समजावून देतात, आपले सैन्य उसने देतात आणि डाव संपल्यावर कोठे चुकले ते सांगतात. वय, शिक्षण, व्यवसाय यांची अडचण तेथे येत नाही. स्त्रियाही या टेबलांभोवती बरोबरीने खेळतात.

युद्धाचा खेळ खेळल्याने माणूस युद्धखोर होतो काय, हा प्रश्न वेल्स यांच्या काळी विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. वेल्स यांच्या चरित्रातून त्याचे सोपे उत्तर मिळत नाही. त्यांचा खेळ १९१४ चे युद्ध थांबवू शकला नाही. खुद्द त्यांनाही तो युद्धज्वरापासून दूर ठेवू शकला नाही. तरीही समोरचा माणूस आपला प्रतिस्पर्धी आहे, शत्रू नव्हे; नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत; आणि हरल्यावरही उद्या पुन्हा भेटायचे आहे, या तीन गोष्टी त्यांच्या खेळात खेळाडूच्या अंगवळणी पडतात. कापडाच्या दुकानातून निसटून, शाळा-महाविद्यालयाबाहेर राहून पदवी मिळवणाऱ्या या माणसाने आयुष्यभर एकच ध्यास धरला होता : जे शिकता येते ते शिकावे आणि ते सर्वांच्या हाती द्यावे. जमिनीवर मांडलेल्या चिमुकल्या शिपायांपासून मानवी हक्कांच्या सनदेपर्यंत त्यांनी केलेल्या कामात हाच धागा दिसतो. खेळ संपला की शिपाई पेटीत ठेवले जातात, खेळाडू हात मिळवतात आणि आपापल्या घरी परततात. खऱ्या रणांगणावरून असे सगळेच परतत नाहीत, याची जाणीव वेल्स यांचे ते छोटे पुस्तक आजही करून देते.